कंपनीचा बूट चावतोय? माप बदलून घ्या

खामगाव, मलकापूरच्या एमआयडीसीत काम करणारे कितीतरी जण टाचेवरचे फोड आणि काळं पडलेलं नख अंगावर काढतात. ‘नवा बूट आहे, होईल सैल,’ म्हणतात. चामडं थोडं सैल होतं. पुढची पोलादी टोपी कधीच होत नाही.

सेफ्टी बूट फुकट दिला म्हणजे कंपनीची जबाबदारी संपली, असं मला वाटत नाही. तो मापाचाच हवा. माप संध्याकाळी, मोजे घालून घ्या. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा उरायला हवी.

बूट लागतो म्हणून चप्पल घालून मशीनवर जाऊ नका. सुपरवायझरकडे माप बदलून मागा. गरज पडल्यास डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय बघा. बधिर पायाला जखम कळत नाही.