देवळाच्या पायरीवरील मनोरुग्ण आणि आपण



मन बिघडलेल्या माणसास घरची मंडळी प्रथम देवळात आणतात, डॉक्टरांकडे मागाहून नेतात. यास अडाणीपणा म्हणून हिणवण्याची सुशिक्षितांत रीत आहे. पुण्यात कार्य केलेल्या संशोधक डॉ. भार्गवी दावर (निधन २०२४) यांनी ती पाळली नाही. १९९९ साली त्यांनी 'बापू ट्रस्ट' स्थापिला. बापू हे त्यांच्या आईचे नाव. त्या माउलीने मनोरुग्णालयांतील कोंडवास सोसला होता. मधुरा लोहोकरे यांच्यासह दावर यांनी महाराष्ट्रातील दर्ग्यांचा अभ्यास करून २००९ साली निबंध प्रसिद्ध केला. मनावर आघात झालेल्यांना अशा स्थळी सावरण्यास जागा मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्याच्या गाठीशी पैसा आहे त्यास खासगी दवाखाना आहे. गरिबाच्या सुनेस देवळाची पायरी, हे आपण रोज पाहतोच.

परंतु श्रद्धास्थानाची दुसरी बाजूही आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथील दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रमास आग लागली. साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण त्यात मृत्युमुखी पडले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. मग ते नवसापोटी असो वा आप्तांच्या संमतीने. (रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्याची वाट त्यात उरली म्हणून दावर या कायद्यावरही समाधानी नव्हत्या. आमच्या मते त्यांचा आक्षेप विचारात घेण्याजोगा असला, तरी साखळीबंदी ही मोठी प्राप्ती होय.)

आता आपल्या हैदराबादविषयी. एर्रागड्डा येथे शासकीय मनोरुग्णालय आहे, पण त्याच्या नावाचीच लोकांस लाज वाटते. देवळाची वाटत नाही. म्हणून पुढील प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहे: 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक मराठी, तेलुगू व हिंदीतून चप्पल-स्टँडजवळ लावावा. सेवेकऱ्यांनी अशा व्यक्तीस हाकलू नये, बांधू तर मुळीच नये. कोणी बेवारस भटकत आल्यास पोलिसांस कळवावे. त्यास संरक्षण देणे हे कायद्याने त्यांचे कर्तव्य आहे. तीर्थप्रसाद मात्र आधी द्यावा. औषध चालू असल्यास ते बंद करण्याचा सल्ला कोणीही, पुजाऱ्यांनीसुद्धा, देऊ नये.

सभासदांनी आपली मते कार्यालयात लेखी द्यावीत, ही विनंती.

— चिटणीस