पातं धारदार असलं म्हणून शिकार दयाळू होत नाही



परदेशी गेलेल्या आपल्या काही मुलांच्या तोंडून हल्ली एक युक्तिवाद ऐकू येतो आणि आपण तो ऐकून गप्प बसतो. अमेरिकेत परवाना घेऊन धनुष्यबाणाने हरणं, रानडुकरं मारता येतात. "मित्रांबरोबर जातो, पण पातं नीट निवडतो, जनावराला त्रास होत नाही," असं ही मुलं सांगतात. यातला 'पण' मला मान्य नाही.

बाणाच्या टोकाला लावायची ही पाती दोन तऱ्हेची असतात. काही पक्की बसवलेली, काही लागताक्षणी उघडणारी. उघडणारं पातं जखम रुंद करतं, पण हाडावर आपटलं की त्याचा जोर जातो. नर रानडुकराच्या खांद्यावरची कातडी ढालीसारखी जाड असते, म्हणून त्याच्यासाठी पक्कं आणि जड पातं घ्यायला सांगतात. वजन मोजतात ग्रेनमध्ये, बहुधा 100 किंवा 125. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा! 100 ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅम, अर्ध्या तोळ्याहून थोडं जास्त.

बाण मारतो तो रक्तस्रावाने. म्हणून जाणते शिकारीच सांगतात की बाण लागल्यावर लगेच मागे जाऊ नका, अर्धा तास तरी थांबा. जनावर कुठे जाऊन पडतं त्याची वाट पाहायची. हा अर्धा तास 'त्रास होत नाही' या शब्दांत कुठे बसतो?

बोथट पात्यापेक्षा धारदार बरं, हे मी मान्य करते. पण ती दोन हिंसांमधली तुलना झाली. आपल्याकडे शिकार सप्तव्यसनांत मोजली आहे, मद्य आणि जुगाराच्या रांगेत. हौसेने, ठरवून मारणं ही संकल्पी हिंसा, आणि गृहस्थानेही सोडायची पहिली हिंसा तीच. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात हिंसेचं मूळ रागादी भावांत दाखवलं आहे. महिनाभर पाती पारखणाऱ्याच्या मनात तेवढे दिवस कोणता भाव असतो? कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींचा दोष लागतो हे आपण पाठशाळेत मुलांना शिकवतो. मग मुलाने फोटो पाठवला की त्यावर अंगठा उमटवणं ही अनुमोदनाच झाली. रामटेकला ज्या शांतिनाथांसमोर आपण हात जोडतो त्यांचं लांछन हरिण आहे, आणि विमलनाथांचं वराह.

आता थोडं आपल्याबद्दल. आपण कळमन्याच्या आसपास राहणाऱ्या. वर्षाची तूर, हरभरा याच मार्केट यार्डातून भरतो. तो माल ज्या शेतांतून येतो तिथे रात्री रोही आणि रानडुकरं शिरतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तरी उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या ठराविक प्राण्यांना मारण्याची परवानगी वनखातं देऊ शकतं. आपल्या बैठकांत अशा शेतकऱ्याला 'हिंसक' म्हणून मोकळं होतात. हौशी शिकारी आणि रात्रभर मचाणावर जागणारा शेतकरी एका तागडीत घालू नका. पीक राखताना त्याच्या हातून घडते ती विरोधी हिंसा. दोष तिलाही आहे, पण त्या पिकाची डाळ आपल्याच कुकरमध्ये शिजते.

काही जण शेताभोवतीच्या तारेत थेट वीज सोडतात. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, कधी माणूसही. सौर कुंपणाचा झटका थांबून थांबून बसतो, त्याने जनावर मागे फिरतं आणि जिवंत राहतं. पण त्याला पैसे लागतात, आणि लहान शेतकऱ्याकडे ते नसतात.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. पर्युषणात जीवदयेसाठी काढलेली रक्कम आपण गोशाळा आणि पांजरपोळांना देतो. ती द्याच. यंदा त्यातला एक हिस्सा सौर कुंपणासाठी बाजूला काढा. ज्यांच्या घरी धान्याचा व्यापार आहे त्यांनी आपल्याकडे माल आणणाऱ्या शेतकऱ्यांत गरज कोणाला आहे ते विचारून घ्यावं. आणि परदेशातल्या मुलाचा फोन आला की पात्याची चौकशी न करता त्याला सरळ 'जाऊ नकोस' म्हणा.