फ्रीजची घरघर आणि ग्राहकाचा हक्क

घरातला फ्रीज मोठ्याने घरघरू लागला की मध्यमवर्गीय कुटुंबात सहसा तीन मार्ग चोखाळले जातात. प्रथम काही आठवडे त्याकडे कानाडोळा केला जातो. आवाज असह्य झाला म्हणजे कारागिराला बोलावून तो सांगेल ती रक्कम मुकाट्याने मोजली जाते. आणि तेही जमले नाही तर जुना फ्रीज मोडीत देऊन नवा हप्त्यांनी घेतला जातो. आवाज नेमका कशाचा, हा पहिला प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. तो न विचारल्याची किंमत आपण रोख मोजत असतो.

वस्तुतः फ्रीजचा प्रत्येक आवाज हा बिघाड नसतो. नळ्यांतून शीतक द्रव वाहताना होणारी खळखळ, थंडीने प्लॅस्टिक आक्रसताना येणारी कडकड, बर्फ वितळविणाऱ्या तारेवर पाण्याचे थेंब पडून होणारी चुरचुर, हे सारे निरोगी यंत्राचे आवाज होत. पुष्कळदा तर टकटक करतो तो शेजारचा व्होल्टेज स्टॅबिलायझर, आणि बदनाम होतो फ्रीज.

खरा बिघाड ओळखण्यास आवाज कोठून आणि केव्हा येतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. कॉम्प्रेसर सुरू होताच खडखड होत असेल, तर चारही पाय जमिनीवर नीट टेकले आहेत काय, पाठ भिंतीला लागली आहे काय, वर ठेवलेले डबे थरथरतात काय, हे आधी पाहावे. शाळेत शिकविला जाणारा अनुनाद तो हाच. फ्रीज समपातळीत आणला आणि भिंतीपासून चार बोटे पुढे ओढला, तर अनेकदा खडखड तेथेच थांबते. मागच्या बाजूला एखादी नळी पत्र्याला घासत असेल किंवा कॉम्प्रेसरखालचे रबर कडक झाले असेल, तर तोही दोष फार खर्चाचा नसतो.

आपोआप बर्फ वितळविणाऱ्या, म्हणजे फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये फ्रीझरच्या पाठीमागे एक छोटा पंखा असतो. त्याच्या पात्यांना बर्फ लागला की खरखर सुरू होते. बहुतेक फ्रीजमध्ये दार उघडताच हा पंखा थांबतो. दार उघडल्यावर आवाज बंद पडला आणि दाराजवळचे बटण बोटाने दाबताच पुन्हा आला, तर दोष पंख्याकडे आहे असे समजावे. फ्रीज रिकामा करून, प्लग काढून, दार उघडे ठेवून दिवसभर बर्फ वितळू द्यावा. सुरीने तो खरवडणे म्हणजे आतली नळी फोडण्यास आमंत्रण होय. आठ-पंधरा दिवसांत खरखर परतली, तर बर्फ वितळविणारी यंत्रणा नादुरुस्त आहे किंवा दाराचे रबर सैल झाले आहे. दारात कागद धरून दार लावावे. तो सहज निसटला, तर रबर बदलण्याची वेळ आली आहे.

तिसरा आवाज अधिक गंभीर. दर काही मिनिटांनी क्षणभर गुणगुण, मग 'टक्', आणि फ्रीज गार होत नाही. येथे कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करतो आणि त्याचे रक्षण करणारे साधन त्याला बंद पाडते. याचे कारण कधी कमी दाबाची वीज असते, कधी निकामी झालेला रिले, आणि कधी खुद्द कॉम्प्रेसर. रिले काही शे रुपयांत मिळतो. कॉम्प्रेसर बदलावयाचा तर हजारांची भाषा सुरू होते. ज्याला हा भेद ठाऊक नाही, त्याच्या अज्ञानावर कोणीही आपला नफा उभारू शकतो.

यावर कोणी म्हणेल, हे तज्ज्ञांचे काम आहे, गृहस्थाने त्यात का पडावे? आक्षेप अर्धा खरा आहे. विजेच्या जोडण्या उघडणे, नळ्यांना झाळ देणे, गॅस भरणे ही कामे प्रशिक्षित कारागिराचीच. आजच्या अनेक फ्रीजमधला आर-६००ए हा वायू ज्वालाग्राही असल्याने तेथे हौशी धाडसाला जागा नाही. परंतु शस्त्रक्रिया वैद्याने करावयाची म्हणून कोठे दुखते हे रुग्णाने सांगू नये, असे आपण म्हणत नाही. जाणत्या ग्राहकामुळे प्रामाणिक कारागिराचे काम हलकेच होते. अडचण होते ती लबाडाची.

मात्र सारा भार ग्राहकाच्या कानांवर टाकून कारखानदारांना मोकळे सोडता येणार नाही. दोष अचूक ओळखला आणि सुटा भागच मिळाला नाही, तर त्या ज्ञानाचे काय करावयाचे? युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून लागू केलेल्या नियमांनुसार फ्रीजचे थर्मोस्टॅट, तापमान-संवेदक व विद्युत-मंडलाच्या पट्ट्या त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही किमान ७ वर्षे, आणि दाराचे रबर १० वर्षे उपलब्ध ठेवावे लागते. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्टल सुरू केले. पाऊल स्वागतार्ह आहे. पण पोर्टल म्हणजे माहितीची खिडकी, सुटे भाग मिळण्याची हमी नव्हे. ती हमी कायद्याने मिळावी, विद्युत-जोडणीचा आराखडा आणि सुट्या भागांच्या किमती फ्रीजबरोबरच हाती पडाव्यात, ही मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरली पाहिजे.

पगाराच्या चार पैशांतून घेतलेली वस्तू पुरती वापरता येणे हा काही विलास नव्हे. बिघाड पंख्याचा, रिलेचा की रबराचा, हे कळण्याचा आणि तेवढाच भाग बदलून मिळण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. तो मागण्यासाठी आधी यंत्राचे ऐकून घेण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.