असईचा पराभव आणि ‘गनिमी कावा सोडला’ हे सोयीचे उत्तर

१/ “मराठ्यांनी गनिमी कावा सोडून कवायती पलटणी उभारल्या, म्हणून असईला हरले.” मी हसनाबादचा. असईचे रणांगण आमच्याच भोकरदन परिसरातले, त्यामुळे हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझ्या मते ते चूक आहे.

२/ २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य. वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाही. वेलस्लीने दोन्ही तीरांवर समोरासमोर गावे पाहिली, उतार असणारच असे ताडले आणि तो मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला.

३/ तेव्हा पोलमनच्या हाताखालील कवायती पलटणींनी दक्षिणेकडे तोंड असलेली अख्खी फळी पूर्वेकडे वळवली, तीही शत्रू चालून येत असताना. वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय हे शक्य नाही.

४/ कंपनीचे सुमारे १,६०० लोक ठार वा जखमी झाले. लढणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक! तोफा हातच्या गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठा गोलंदाज पुन्हा उठले आणि त्यांनी शत्रूच्या पाठीवर मारा केला.

५/ आणि ज्याच्या बळावर गनिमी कावा चालायचा, ते प्रचंड घोडदळ? ते जवळच होते, पण लढाईत त्याने फारसा भाग घेतला नाही. झुंजली ती पलटणच. मग दोष पलटणीला कसा?

६/ दोष शोधायचा तर नेतृत्वात शोधा. कवायती फौजेची सूत्रे परकीय अधिकाऱ्यांच्या हाती होती. युद्धाच्या तोंडावर कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांकडील ब्रिटिश अधिकारी फोडले. ऐन लढाईत दोन्ही सरदार रणांगणावर टिकले नाहीत.

७/ सैन्याचा इतिहास कसा लिहावा, हे रोमच्या अभ्यासकांकडून शिकावे. इंग्लंडमधील विंडोलांडा ठाण्यात लाकडी पातळ पट्ट्यांवरची पत्रे सापडली. त्यांतील एका हजेरीनुसार ७५२ जणांच्या तुकडीत ४५६ ठाण्याबाहेर होते, आणि उरलेल्यांतही ३१ आजारी वा जखमी. दुसऱ्या पत्रात कुणीतरी पाठवलेल्या पायमोज्यांचा उल्लेख आहे. रोमन सैनिक आज जिवंत वाटतो तो अशा नोंदींमुळे.

८/ आपण मात्र “पन्नास हजार फौज” लिहून मोकळे होतो. हजर किती? पगार केव्हा मिळाला? दाणावैरण कुठून आली? मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले कागद आहेत, आणि मोडी काही महिन्यांच्या सरावाने वाचता येते.

९/ असईवर अवश्य लिहा, छापा. पण कागद वाचून, नकाशा हाती घेऊन, केळणेच्या काठी उभे राहून. दोनशे वर्षांपूर्वी तोफेजवळ मेलेल्या त्या गोलंदाजांना ‘चुकीची युद्धपद्धती’ ठरवणारा संदेश तोवर पुढे पाठवू नका.