परत बोल ना, किती क्यूट!

सीन असा. दुपारचे दीड वाजलेत. ऑफिसच्या कँटीनमध्ये पाच-सहा जणांचा ग्रुप डबे उघडून बसलाय. एकीचा मोबाइल वाजतो. स्क्रीनवर नाव येतं, 'माय'. ती फोन उचलते आणि बोलायला लागते, "काय करी रायनी व माय? जेवण व्हयनं का?" जेमतेम दोन मिनिटांचा कॉल. फोन ठेवून वर बघते, तर अख्खं टेबल तिच्याकडे बघतंय. "ए, ही कोणती लँग्वेज? गुजराती का?" "अगं, किती क्यूट! परत बोल ना. एकदाच, प्लीज!"

कुणाच्याही मनात वाईट नाही. सगळे हसतात, तीही हसते. दुसऱ्या दिवशी फोन वाजल्यावर मात्र ती उठून जिन्यात जाते. महिन्याभराने दुपारचे कॉल 'संध्याकाळी करते' म्हणून कट व्हायला लागतात. आणि दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा टेबलवर बसूनच बोलायला लागते, पण "हो आई, जेवले मी. तू जेवलीस का?" अशा पुस्तकातल्या मराठीत. पलीकडे माय गोंधळते. पोरगी अशी का बोलतेय? चिडली का? शेजारी साहेब बसलाय का? मग मायही जपून, तोलूनमापून बोलायला लागते. डाळ-भात, तब्येत, पाऊस. ठेवते.

हा सीन पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसातला आहे. पोरीच्या जागी पोरगा घ्या, अहिराणीच्या जागी मालवणी किंवा वऱ्हाडी घ्या, फारसं काही बदलत नाही. आपण बोलतो कसं याची ट्रेनिंग प्रोग्रॅम्स चिक्कार आहेत. प्रेझेंटेशन स्किल्स, पब्लिक स्पीकिंग, बॉडी लँग्वेज, सगळं. आपण ऐकतो कसं, आणि त्याने समोरच्याच्या बोलण्याचं काय होतं, हा विषय मात्र कुणाच्या सिलॅबसमध्ये नाही.

'ळ' गेला कुठे?

आपली ही पोरगी नामपूरची आहे असं धरून चालू. नाशिक म्हटलं की आपल्याला वायनरी आणि कॉलेज रोड आठवतो. नामपूर त्याच जिल्ह्यातलं, पण बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठावर. हीच मोसम पुढे मालेगावला जाऊन गिरणेला मिळते. बाजारपेठेचं गाव, कांद्याच्या लिलावाचं गाव. आणि या पट्ट्यात घरात, शेतात, पारावर चालते ती अहिराणी. बागलाण, मालेगाव, कळवणपासून धुळे, नंदुरबार, जळगावपर्यंत तिचा पसारा आहे. दर काही कोसांवर तिचा रंग बदलतो, पण ओळख तीच.

'आहे'ला 'शे', 'मला'ला 'माले', 'तुझं'ला 'तुनं', 'कुठे'ला 'कथा'. आणि 'ळ'च्या जागी 'य'. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. शहरात सगळ्यात जास्त हसू येतं ते या 'य'वर. जीभ वळत नाही, उच्चार कच्चे आहेत, असा आपला समज. पण तो एखाद्याच्या जिभेचा प्रॉब्लेम नाही, त्या भाषेचा नियम आहे आणि तो पाळूनच ती बोलली जाते. 'गुजराती का?' हा प्रश्नही अगदीच वेडगळ नाही. बागलाणच्या पलीकडे गुजरातचा डांग जिल्हा लागतो आणि गुजरातीतला 'छे' अहिराणीतल्या 'शे'च्या कानाला ओळखीचा वाटतो. ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांचं जे प्रचंड सर्वेक्षण केलं, त्यात खानदेशीला मराठीच्या खंडात बसवलं नाही, भिली भाषांबरोबर १९०७ च्या खंडात ठेवलं. भाषा की बोली, हा वाद अभ्यासकांना लढू द्या. आपल्यापुरता मुद्दा साधा आहे. 'शुद्ध बोल' असं आपण कुणाला सहज म्हणतो, तेव्हा त्याच्या घरात जे बोललं जातं त्याला अशुद्ध म्हणून मोकळे होतो. अशुद्ध हा शब्द एरवी आपण पाण्यासाठी वापरतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आवाज तोच, मार्क वेगळे

आता थोडं सातासमुद्रापार जाऊ. कॅनडातल्या माँट्रियल शहरात इंग्रजी बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे शेजारी-शेजारी राहतात. वॉलेस लँबर्ट हे तिथल्या मॅकगिल युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये एक भन्नाट प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्या माणसांकडून एकच मजकूर एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला. मग ती रेकॉर्डिंग्ज विद्यार्थ्यांना ऐकवली. हा आवाज दोन वेळा एकाच माणसाचा आहे, हे त्यांना सांगितलं नाही. फक्त विचारलं, हा माणूस कसा वाटतो? हुशार? विश्वासू? उंच? दिसायला कसा असेल?

माणूस तोच, पण इंग्रजीत बोलताना त्याला जास्त मार्क मिळाले. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनी असं करावं हे समजू शकतं. खरा धक्का पुढे आहे. फ्रेंच बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनीही आपल्याच भाषेतल्या आवाजाला कमी लेखलं, आणि तेही इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त ठिकाणी.

म्हणजे हसणारे फक्त 'ते' नसतात. गावाकडून आलेल्या ज्युनिअरला "इथे असं बोलायचं नाही हं" हे सगळ्यात आधी सांगणारा सीनिअर बऱ्याचदा त्याच्याच तालुक्यातला असतो. त्याने स्वतः जे गिळलं, ते तो काळजीपोटी पुढच्याला गिळायला लावतो.

बोली लावणारा बोलका माणूस

उन्हाळ कांद्याच्या सीझनमध्ये नामपूरच्या बाजार समितीत ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअपच्या रांगा लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे सरकतो. कुणी कांदा हातात घेऊन दाबून बघतो, बोली चढत जाते, आणि काही सेकंदांत क्विंटलचा भाव ठरतो. पूर्वी देशातल्या कितीतरी बाजारांत रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याचा माल, त्यालाच काय चाललंय ते कळायचं नाही. उघड लिलाव आला तो यासाठी, की आकडा मोठ्याने बोलला जावा आणि शेतकऱ्याच्या कानावर पडावा. ऐकू येणं हाही एक हक्क असतो, तो असा.

इथे भाव पडला की ट्रॉलीशेजारचा शेतकरी गप्प बसत नाही. तो हुज्जत घालतो, टोमणा मारतो, पटलं नाही तर माल द्यायला नकार देतो. सगळं अहिराणीत, खड्या आवाजात. हाच माणूस शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये किंवा बँकेच्या काउंटरवर गेला की दोन शब्दांत बोलतो. 'हो साहेब.' 'नाही साहेब.' आपण म्हणतो, खेड्यातल्या लोकांना धड सांगताच येत नाही. अहो, सकाळी तर येत होतं! मधल्या वेळात ऐकणारा बदललाय, एवढंच.

हे नुसतं वाटणं नाही, याचीही तपासणी झालीय. पुन्हा कॅनडाच, पण व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी. जॅनेट बव्हेलास आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना स्वतःच्या आयुष्यातला 'थोडक्यात वाचलो' छापाचा किस्सा अनोळखी माणसाला सांगायला लावला. काही श्रोत्यांना गुपचूप भलतंच काम दिलं होतं. सांगणाऱ्याच्या बोलण्यात 'टी' अक्षराने सुरू होणारा शब्द आला की नोंद करायची. म्हणजे हे श्रोते शब्द अगदी कान देऊन ऐकत होते, फक्त गोष्ट ऐकत नव्हते. 'बाप रे', 'मग?' असं योग्य जागी त्यांच्याकडून येईना. परिणाम? सांगणाऱ्यांचे किस्से फसले. विशेषतः शेवट. नेमक्या रंगायच्या जागी ते अडखळले, उगाच स्पष्टीकरणं देत बसले. किस्सा त्यांचा स्वतःचा होता, सांगता येत होता, तरीही ऐकणाऱ्याने तो बिघडवला.

आता विचार करा. कुणी आपल्या बोलण्यातले 'टी' मोजत असेल तर आपली ही गत होते. मग समोरचा आपले 'शे' आणि 'य' मोजतोय, हे ज्याला बोलताना दिसत असतं त्याचं काय होत असेल? इंटरव्ह्यूमध्ये, ग्रुप डिस्कशनमध्ये, टीम मीटिंगमध्ये? तो मुद्दा मांडतो अर्ध्या डोक्याने, उरलेलं अर्धं पुढचा शब्द 'बरोबर' येईल ना, याच्या टेन्शनमध्ये. मग आपणच फीडबॅक फॉर्मवर लिहितो, 'कॉन्फिडन्स कमी'.

हॉस्पिटलमध्ये तर हे आणखी महागात पडतं. अमेरिकेतल्या बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं, की पेशंट आपली तक्रार सांगायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलतात. ही गत डॉक्टर आणि पेशंट एकच भाषा बोलत असताना. 'पोट दुखस' म्हणणाऱ्याला आधी मनातल्या मनात भाषांतर करावं लागत असेल, तर त्याच्या वाट्याला त्यातले किती सेकंद येतात? आणि जे सांगायचं राहून गेलं, त्याच्यावर औषध कसं लिहिणार?

ज्यांनी नीट ऐकलं

याच खानदेशात उलटंही घडलंय. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८० चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करताना त्या आपल्या बोलीत ओव्या-गाणी रचत राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ती ऐकली आणि लिहून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. हे जगापुढे आलंच पाहिजे, असा आग्रह अत्र्यांनी धरला, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

यात मला सगळ्यात मोठी वाटते ती लिहून घेणाऱ्यांची गोष्ट. त्यांनी आईचे शब्द 'सुधारले' नाहीत. 'य'चा 'ळ' केला असता, तर पुस्तक कदाचित निघालंही असतं, पण ते बहिणाबाईंचं राहिलं नसतं.

आणि आज? २००१ च्या जनगणनेत मातृभाषा खानदेशी नोंदवलेल्यांची संख्या २० लाखांहून जास्त होती. २०११ मध्ये ती साधारण १८ लाख ६० हजारांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली, आकडा मात्र उतरला. यात बोलणारे किती हे कळत नाही, 'माझी भाषा ही' असं दारात आलेल्या माणसाला सांगणारे किती, ते कळतं. गंमत म्हणजे 'हाई झुमकावाली पोर' लागलं की अहिराणीचा एक शब्द न कळणारेही नाचतात. रीलवर अहिराणी हिट आहे, मीटिंगमध्ये चालत नाही.

मग करायचं काय?

फार अवघड नाही. 'परत बोल ना' म्हणण्याऐवजी 'व्हयनं म्हणजे झालं का?' असं विचारा. पहिल्यात समोरचा आयटम होतो, दुसऱ्यात तुम्ही विद्यार्थी होता, आणि हा फरक समोरच्याला लगेच कळतो. कुणाचं वाक्य चालू असताना त्याला 'बरोबर' शब्द पुरवू नका. कळलं नाही तर 'भाव किती म्हणालास?' असं नेमकं विचारा, नुसतं 'काय?' म्हणून भुवया उंचावू नका. फोन उलटा ठेवा. विशेषतः शेवटाकडे, कारण गोष्ट तिथेच फसते, हे आपण आत्ताच पाहिलं. इंटरव्ह्यू घेणारे असाल तर मार्क देण्याआधी स्वतःला एकदा विचारा, हेच उत्तर सदाशिव पेठी मराठीत किंवा फाडफाड इंग्रजीत आलं असतं तर किती दिले असते?

आणि तुम्ही नामपूर, सटाणा, साक्री, अमळनेर, कुठून तरी तिकडून आला असाल, तर ऑफिसची मराठी जरूर शिका, इंग्रजीही शिका. कामाला लागते. पण ती जुनीच्या शेजारी ठेवा, तिच्या जागी नको. आणि तुमच्या भागातला नवा ज्युनिअर भेटला, तर त्याला पहिल्याच दिवशी दटावण्याआधी दोन वाक्यं त्याच्या भाषेत बोला. त्याचा अर्धा घाम तिथेच वाळेल.

पुढच्या सोमवारी तुमच्याही टीममध्ये कुणीतरी नवीन जॉइन होईल. राउंड टेबल इंट्रोडक्शनमध्ये तो उभा राहील, एखादा 'ळ' निसटेल. त्या क्षणी टेबलावरच्या सगळ्यांचे चेहरे तो बघणार, आणि पुढची दोन वर्षं या ऑफिसात किती बोलायचं ते तिथेच ठरवणार. तुमचा चेहरा तेवढा सांभाळा.