पांढऱ्या भुकटीचा हिरवेपणा

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री घाट उतरून पोलादपुरात येते, महाडला गांधारीला भेटते आणि पुढे बाणकोटच्या खाडीकडे जाते. या खोऱ्यात झाडपाल्याला तोटा नाही. निर्गुडी, अडुळसा, कुडा, करंज, धायटी ही नावे इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून तोंडपाठ आहेत. घरचा काढा आणि वैदूची झोळी यांच्यापलीकडे या पानांना फारसे गिऱ्हाईक नव्हते. गेल्या वीसएक वर्षांत अशा पानांना एक नवे गिऱ्हाईक मिळाले आहे, ते म्हणजे रसायनशास्त्राची प्रयोगशाळा.

कृती सोपी आहे. पाने धुऊन सावलीत वाळवायची, कुटायची, पाण्यात उकळून अर्क गाळून घ्यायचा. त्यात झिंक नायट्रेटचे द्रावण घालून ढवळत तापवायचे. लगदा झाला की तो मुशीत भरून मफल भट्टीत चारपाचशे अंशांवर दोनतीन तास ठेवायचा. बाहेर येते ती पांढरी भुकटी म्हणजे झिंक ऑक्साइडचे नॅनोकण. मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर, आणि हे कण अशा काही दहा नॅनोमीटरांचे. मग ही भुकटी जंतूंवर टाकून पाहायची, जंतू मेले की निबंध तयार. ‘हरित पद्धतीने’ हे शब्द शीर्षकात असतातच.

तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाला ही पद्धत का आवडावी, हे समजण्यासारखे आहे. महागडी रसायने नकोत, विषारी द्रावके नकोत, शेगडी आणि भट्टी असली की पुरे. कणांची क्ष-किरण तपासणी आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रे तेवढी बाहेरून करून आणायची. पोलादपूरच्या मुलाने डोंगरातून पाने आणावीत आणि त्याचे नाव आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून यावे, यात वाईट काय? काहीच नाही. माझा आक्षेप मुलावर नाही, ‘हरित’ या शब्दावर आहे.

या विद्येचा पाया घालण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी बुरशीपासून आणि मग 2003-04 च्या सुमारास जिरेनियम, कडुनिंब आणि गवती चहा यांच्या अर्कापासून सोन्याचे व चांदीचे नॅनोकण केले. त्या कामात पान खरोखर राबत होते. सोन्याच्या क्षारातले सोने इलेक्ट्रॉन गमावलेले असते. पानातली द्रव्ये त्याला ते इलेक्ट्रॉन परत देतात आणि धातू मोकळा होतो. पान काढून टाका, प्रयोग थांबेल.

जस्ताचे तसे नाही. नायट्रेटमध्ये जस्ताची जी अवस्था असते, तीच ऑक्साइडमध्ये असते. कुणी कुणाला इलेक्ट्रॉन द्यायचा प्रश्नच नाही. तरीही ‘पानातील फ्लेव्होनॉइडांनी जस्ताचे क्षपण केले’ हे वाक्य निबंधामागून निबंधात उतरत गेले आहे. झिंक नायट्रेट नुसते तापवले तरी त्याचे ऑक्साइड होते. ते होताना नायट्रोजन डायऑक्साइडचा तांबूस, घशाला झोंबणारा धूर निघतो. हिरव्या पद्धतीच्या चित्रात हा धूर सहसा काढलेला नसतो. पानाचा अर्क कणांना चिकटून त्यांचे गोळे होऊ देत नाही, कधी त्यांचा आकार बदलतो, भट्टीत जळताना सरपणाचे काम करतो. हा उपयोग खराच. पण पाचशे अंशांवर निर्गुडीचे निर्गुडीपण किती उरणार? उरते ती राख. त्या झाडाचे औषधी गुण कणात उतरले, असे त्यापुढे कुणी लिहिले तर ते रसायनशास्त्र राहत नाही.

इथे कुणी यशद भस्माची आठवण करून देईल, आणि ती योग्यच आहे. जस्त शुद्ध करून, वनस्पतींच्या रसात घोटून, पुन्हा पुन्हा पुटे देऊन केलेले हे भस्म मुख्यतः झिंक ऑक्साइडच असते. पण जुन्या रसशास्त्राने त्याला कसोट्या लावल्या. बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे, ते रेखापूर्ण. पाण्यावर तरंगले पाहिजे, ते वारितर. ‘आमच्याकडे हे आधीच होते’ म्हणताना आपण भस्माचा अभिमान घेतो आणि कसोटीची सवय मागे ठेवतो.

झिंक ऑक्साइड जंतू मारते, यात शंका नाही. कॅलामाइन आणि जस्ताची मलमे घरोघरी आहेत. कणांतून सुटणारे जस्ताचे आयन, प्रकाशात तयार होणारी ऑक्सिजनची तिखट रूपे आणि जंतूच्या आवरणाला होणारा स्पर्श अशी त्याची कारणे सांगतात. प्रश्न आहे तो पानाने त्यात काय भर घातली याचा. तो सुटायचा तर चार गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात : पान घालून केलेली भुकटी, पान न घालता त्याच भट्टीत केलेली भुकटी, नुसता अर्क आणि तेवढेच जस्त असलेला साधा क्षार. बहुतेक ठिकाणी पहिली असते आणि तुलनेला एखादे प्रतिजैविक. अगरच्या थाळीत खड्डा पाडून भुकटी घालतात आणि भोवतालचे स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. न विरघळणारी भुकटी अगरमधून चालत जात नाही, पसरते ते मुख्यतः विरघळलेले जस्त. मग वर्तुळ मोजून कणांबद्दल काय कळले? किती कमी मात्रेत जंतूंची वाढ थांबते, हे द्रावणात पाहणे अधिक कष्टाचे आणि अधिक खरे. पण 2010 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीला निबंधांचे गुण जोडले, तेव्हापासून कष्टाच्या प्रयोगाला वेळ कुणाकडे आहे?

महाडला हे सारे अधिक लागू पडते, कारण रसायनाचा उरलेला भाग कुठे जातो हे या गावाला कुणी शिकवायला नको. औद्योगिक वसाहतीतले सांडपाणी आणि सावित्री यांचे भांडण जुने आहे. पाणी कुणाचे, हा प्रश्न 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्यावर ज्या गावात विचारला गेला, तिथे ते कसले आहे, हेही विचारायला हवे. झिंक ऑक्साइड जलचरांना अतिशय विषारी पदार्थांत मोडते. शिवाय जस्त कुजत नाही. पानातून आले म्हणून नाहीसे होत नाही. सांडपाणी शुद्ध करण्याच्या टाक्यांत राबतात तेही जंतूच. जंतुनाशक भुकटी कापडात, रंगात, पाणी गाळण्याच्या यंत्रात घातली की धुऊन ती शेवटी त्याच जंतूंच्या अंगावर येणार. जुलै 2021 च्या महापुरात महाड शहर बुडाले, तेव्हा काय काय कुठून कुठे वाहून गेले याचा हिशेब कुणी ठेवला?

म्हणून पाने आणणाऱ्या मुलांना थांबवू नये. उलट औषधी झाड ओरबाडण्याऐवजी घाणेरी किंवा रानमोडी आणायला सांगावे, तेवढीच रानाची सफाई. भुकटी झाली की ती सावित्रीच्या पाण्यात, तिथल्याच शेवाळावर टाकून किती दिवसांत काय होते ते पाहायला सांगावे. आणि दर खेपेला भट्टीत एक मूस अशी ठेवावी, जिच्यात अर्क घातलेलाच नाही. तिच्यातली भुकटी तितकीच चांगली निघाली, तर तेही छापून आणावे. त्याला झिंक नायट्रेट तेच लागेल, भट्टी तीच लागेल. फक्त पानांसाठी घाटात जावे लागणार नाही.