कोणत्या पिक्चरमधलं?



आज तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. बाईसुद्धा चुकतात बरं का!

गेल्या स्नेहसंमेलनाच्या आधीची गोष्ट. चौथीच्या वर्गात कार्यक्रमांची यादी चालली होती. नऊ नाच, दोन नाटुकली, एक समूहगीत. इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी ती फार बोलत नाही. म्हणाली, "बाई, मी 'गारवा' म्हणू? माझी आई म्हणते ते. मला पूर्ण येतं."

लगेच पुढून एकानं विचारलं, "कोणत्या पिक्चरमधलं आहे गं?"

"पिक्चरमधलं नाहीये."

"मग कुणाला माहीत असणार?" वर्गात हशा पिकला.

आणि मी काय केलं? मीही हसून म्हटलं, "अगं, संमेलनाला लोकांना ओळखीचं गाणं लागतं. तू समूहगीतात ये ना." ती "बरं बाई" म्हणाली आणि खाली बसली. झालं, यादी पूर्ण झाली.

रात्री वह्या तपासताना मात्र मला ते "बरं बाई" काही केल्या विसरता येईना. कारण 'गारवा'ची कॅसेट आमच्याही घरी होती! सौमित्र यांचे शब्द, मिलिंद इंगळे यांचं संगीत आणि आवाज. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती आली, तेव्हा मी तुमच्याएवढीच होते. पाऊस सुरू झाला की ताई ती लावायची. टेप गुंतली की पेन्सिलीनं फिरवून सरळ करायचं काम माझं. ते गाणं कोणत्या पिक्चरमधलं, असं तेव्हा आम्हांला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

मग आता मुलं का विचारतात? चला, शोधूया.

आपल्याकडे गाण्यांचे ढोबळमानानं दोन प्रकार. एक सिनेमातलं गाणं आणि दुसरं स्वतंत्र गाणं, म्हणजे कुठल्याही सिनेमासाठी न केलेलं. इंग्रजीत 'इंडिपेंडंट'चं लाडकं रूप 'इंडी'. मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय केलेल्या संगीताला तिकडे इंडी म्हणू लागले. आपल्याकडे मोठा आधार म्हणजे सिनेमा! सिनेमाच्या गाण्याला नट मिळतो, पडदा मिळतो, जाहिरात मिळते. लग्नातला बँडवालाही तेच वाजवतो. स्वतंत्र गाण्याला मात्र स्वतःच्या पायांवर चालत तुमच्या दारापर्यंत यावं लागतं.

पण कधीकधी त्यालाही गाडी मिळते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. आठवड्याला एक नवं गीत, अशी एकूण ५६ गीतं. पडदा नाही, नट नाही. तरी ती घराघरांत पोचली, कारण रेडिओ घराघरांत पोचत होता.

पुढची गाडी होती टीव्हीची. १९९४ मध्ये चॅनल व्ही आणि १९९६ मध्ये एमटीव्हीची भारतासाठीची वाहिनी सुरू झाली. दिवसरात्र नुसती गाणी! इतकी गाणी आणणार कुठून? मग स्वतंत्र गायकांना बोलावणं आलं. १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांचं 'मेड इन इंडिया' आलं. त्याच्या चित्रफितीत आपले मिलिंद सोमण होते. १९९६ मध्ये लकी अली यांचा 'सुनो' हा अल्बम आला. या गाण्यांना लोक 'इंडिपॉप' म्हणू लागले. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांचे डोळे कसे चमकतात ते पाहा!

पण थोड्याच वर्षांत गाडीनं वळण घेतलं. वाहिन्यांवर पुन्हा सिनेमाचीच गाणी जास्त वाजू लागली. कॅसेटचा जमाना संपत आला, फुकटात नकला मिळू लागल्या. मग अल्बम विकत घेणार कोण? कंपन्यांनी सिनेमाच्या गाण्यांवर पैसे लावणं पसंत केलं. गायकही तिकडे वळले. 'सिल्क रूट' या बँडचे मोहित चौहान आठवतात? १९९८ मध्ये त्या बँडचा 'बूँदें' हा अल्बम आला होता. पुढे २००७ च्या 'जब वी मेट' या सिनेमात तेच गायले आणि देशभर पोचले. आवाज तोच, फक्त आता त्याच्यामागे सिनेमा होता.

म्हणजे बघा, ती गाणी काही एका रात्रीत वाईट झाली नव्हती. त्यांची गाडी बंद झाली होती.

मग सिनेमाची गाणी वाईट का? मुळीच नाही. एक गंमत सांगते. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. लोकांनी चांगलं संगीत ऐकावं म्हणून त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी अगदी कमी झाली. लोकांनी काय केलं? सरळ रेडिओ सिलोन लावला! तिथे अमीन सायानी 'बिनाका गीतमाला' सादर करायचे. शेवटी १९५७ मध्ये 'विविध भारती' सुरू झाली आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवर दिमाखात परतली. आवड हुकुमानं बदलत नाही, हेच खरं.

आज गाडी कोणती? बरोबर, मोबाइल. आता गाणं करून लोकांपुढे ठेवायला ना सिनेमा लागतो ना मोठी कंपनी. आमच्या त्या नऊ नाचांपैकी एक होता 'गुलाबी साडी'वर. जळगावकडच्या संजू राठोड यांनी २०२४ मध्ये आणलेलं गाणं. ते कोणत्या पिक्चरमधलं? कोणत्याच नाही! पण हे कुणी विचारलंच नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

आता आलं लक्षात? "कोणत्या पिक्चरमधलं?" या प्रश्नाचा खरा अर्थ असतो, "आधीच पुष्कळांना आवडलंय का?" मोबाइलसुद्धा हेच विचारतो. पुष्कळांनी ऐकलं की तो ते आणखी पुष्कळांपुढे ठेवतो. आपण एक ऐकलं की तसलंच दुसरं देतो. दार सगळ्यांना उघडं आहे खरं, पण आत गर्दीही तेवढीच. हळू आवाजातलं गाणं त्या गर्दीत मागेच राहतं. कुणीतरी मुद्दाम मागे वळून "ये" म्हणावं लागतं.

मी वर्गात नेमकं तेच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावलं. म्हटलं, "माझं चुकलं. संमेलनात म्हणशील?" ती म्हणाली, "नको बाई." मला वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं. एकदा हसलेल्या वर्गापुढे उभं राहणं सोपं का आहे? मी आग्रह केला नाही. संमेलन झालं. नऊ नाच झाले, खूप टाळ्या पडल्या.

पुढे जूनमध्ये पहिला पाऊस आला. ती आता पाचवीत गेली होती. ती आपणहून माझ्याकडे आली. "बाई, उद्या परिपाठात म्हणू?"

तिनं म्हटलं. मध्ये एक ओळ विसरली, थांबली, पुन्हा धरली. टाळ्या बेताच्याच पडल्या. पण मधल्या सुट्टीत नळावर बाटल्या भरताना दोन मुली तीच चाल गुणगुणत होत्या. आणि ज्यानं तो प्रश्न विचारला होता ना, तो म्हणाला, "बाई, हे कुणी लिहिलंय?"

किती चांगला प्रश्न! सिनेमाचं गाणं असो वा स्वतंत्र, तो सगळ्यांना विचारता येतो.

तर आता या आठवड्याचा उपक्रम. आई, बाबा, आजी, आजोबा यांच्यापैकी एकाला विचारा, "तुमच्या लहानपणचं, सिनेमात नसलेलं एक आवडतं गाणं कोणतं?" ते त्यांच्या शेजारी बसून पूर्ण ऐका, मध्ये पुढे ढकलू नका. मग वहीत तीन नावं लिहा: गीतकार, संगीतकार, गायक.

आणि पालकहो, नाही आवडलं पोरांना, तर रागावू नका हं. दुसरं एक लावा. केसकरांची गोष्ट विसरू नका!

तुमच्या,
बाई